तुमानची नाडी

माझ्या बढाईखोरपणामुळे दोन देश लढाईच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. ती बढाई मी एका स्वयंपाकघरात मारली, चहा पिता पिता, आणि मारून इतकी खूश झाले की दुसरा कपही मागून घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं केलं असं वाटलं, तर तुम्ही ते योग्य त्या मापानं घ्याल.

मी ऋजुता शेडगे. विजेची इंजिनिअर, गाव पाटण तालुक्यातलं. २०४४ च्या हिवाळ्यात मी कोशबेल नावाच्या सरहद्दीवरच्या गावात नोकरीला होते. कोशबेलच्या वर डोंगरात कार्तुश देश, खाली मैदानात ओरझान. पन्नास वर्षांपूर्वी हे दोन्ही मिळून एकच देश होता. वेगळे झाले तेव्हा पाणी कार्तुशच्या वाट्याला गेलं आणि कारखाने ओरझानच्या. विजेच्या तारा मात्र वाटून घेता आल्या नाहीत, त्या डोंगरातून मैदानात तशाच लटकत राहिल्या. हिवाळ्यात ओरझानची घरं गरम व्हायची ती कार्तुशच्या तुमान धरणावरच्या विजेनं. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून तारांवर नजर ठेवायला त्यांनी मध्ये एक तटस्थ नियंत्रण केंद्र बसवलं आणि त्यात तिसऱ्याच देशांची माणसं नेमली. कोणी ब्राझीलचं, कोणी केनियाचं आणि पाटण तालुक्यातली मी. एका देशाची माहिती दुसऱ्याला सांगायची नाही, ही आमच्या करारातली पहिली अट होती.

कामाची पद्धत जुन्या वळणाची होती. दोन्ही देशांना एकमेकांच्या संगणकांवर भरवसा नसल्यानं कुठलाही मोठा बदल करायचा तर तो माणसानं माणसाला फोनवर सांगायचा. एका लाइनवर तिघं असायचे: तुमानचं वीजघर, मध्ये आम्ही, आणि ओरझानच्या राजधानीतलं, म्हणजे सामेरचं केंद्र. एकानं सूचना द्यायची, दुसऱ्यानं ती शब्दन् शब्द परत सांगायची, मग पहिल्यानं कोड क्रमांक द्यायचा आणि तेव्हाच खटका दाबायचा. परत सांगितलं नाही तर सूचना दिलीच नाही असं धरायचं. आपल्याकडेही भारप्रेषण केंद्रात, म्हणजे विजेचा भार कुठून कुठं जायचा ते ठरवतात तिथं, हे असंच चालतं, त्यामुळे मला नवल नव्हतं. नवल होतं ते तुमानच्या मुरात उस्तादांचं. तीस वर्षं वीजघरात घालवलेला हा माणूस इतका नियमाचा पक्का, की मी सकाळी “सुप्रभात, उस्ताद” म्हटलं तर ते आधी “सुप्रभात, उस्ताद” असं परत सांगायचे आणि मग स्वतःचं सुप्रभात म्हणायचे. चार वर्षांत मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या सूनबाईला कितवा महिना चालू आहे ते मला ठाऊक होतं.

सामेरच्या केंद्रात दिलारा होती. ती माझी मैत्रीण. सामेर कोशबेलपासून रेल्वेनं दीड तास, आणि महिन्यातले दोन रविवार तरी मी तिच्या घरी असायची.

आता माझ्या यंत्राबद्दल सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं.

एका जाळ्यात जोडलेली सगळी जनित्रं एका तालावर फिरतात. आपल्याकडे काय किंवा तिथं काय, तो ताल सेकंदाला पन्नास आवर्तनांचा. लेझमाचा मोठा मेळा डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांची पावलं एकदम पडताहेत. त्यात एकाचा पाय मुरगळला असेल तर बाकीचे त्याला ओढून नेतात, मेळा थांबत नाही, पण सगळ्या रांगेला तो हिसका किंचित जाणवतोच. विजेचंही तसंच आहे. पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनखाली, अर्ध्यामुर्ध्या भारावर, पाण्याचा एक पीळ तयार होतो आणि तो गरगर फिरत यंत्राला खालून ढुसण्या देतो. त्या ढुसण्या जनित्रातून तारांत उतरतात आणि तारांतून दोनशे कोसांवरच्या एखाद्या घरातल्या भिंतीपर्यंत पोचतात. लाखात एक भाग इतक्या बारीक, पण पोचतात. प्रत्येक टर्बाइनचा पीळ वेगळा. धरणात पाणी किती उंच आहे, यंत्रावर भार किती आहे, त्याप्रमाणे तो बदलतो. मी काय केलं, तर या ढुसण्या वेगवेगळ्या ओळखणारं काडेपेटीएवढं यंत्र बनवलं. सॉकेटमध्ये खुपसायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. त्याचं नाव मी ठेवलं नाडी. केनियाच्या माझ्या सहकाऱ्याला वैद्य मनगट धरून रोग कसा सांगतो ते समजावताना माझी पुरेवाट झाली होती.

ही कल्पना मुळात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. घाटाखालच्या एका जलविद्युत केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं मशीन सांभाळली. तिथले जुने लोक लाकडी दांडक्याचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून आतलं दुखणं ओळखायचे. त्या धडधडाटात अण्णांचे कान गेले. बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, वरचे सूर तर अजिबातच नाहीत. पण खालचा घोगरा थरार त्यांना अजूनही जबड्याच्या हाडातून कळतो. म्हणून नाडीनं टिपलेल्या ढुसण्या कितीतरी पट मोठ्या करून थरथरून दाखवणारी एक चकती मी घरी पाठवली होती. अण्णा आईचं लाटणं चकतीवर टेकवायचे, दुसरं टोक दातांत धरायचे, आणि मला सांगायचे की यंत्र बरोबर वाचतंय का चुकतंय. माझ्या नाडीला शिकवलं ते त्या लाटण्यानं. आईनं आपल्यापुरतं दुसरं लाटणं आणलं.

डिसेंबरमध्ये कार्तुशनं जाहीर केलं की तुमान धरणाचं पाणी फार खाली गेलं आहे, तीनपैकी तिसरं युनिट बंद ठेवावं लागेल आणि ओरझानला तीनशे मेगावॅट कमी मिळतील. ओरझाननं थयथयाट केला आणि खिंडीत कार्तुशचे पिठाचे आणि औषधांचे ट्रक अडवून धरले. सामेरमध्ये उणे अठरा तापमान होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी दिलाराच्या स्वयंपाकघरात बसले होते. तिची आई ओव्हरकोट घालून गाजरं चिरत होती. मी खिशातून नाडी काढली आणि किटलीशेजारच्या सॉकेटमध्ये लावली. खरं सांगते, मला फक्त दाखवायचं होतं. चार वर्षं खपून केलेली वस्तू मैत्रिणीला दाखवायची नाही तर कोणाला? दहा मिनिटांनी आकडे आले आणि मी हसत म्हणाले, “काय खोटं बोलतात गं तुझे शेजारी. धरण काठोकाठ भरलंय.”

दिलाराचा हात कपावर थांबला. तिनं विचारलं, नक्की का. मी म्हटलं, दोन मीटर इकडे नाही की तिकडे नाही. आणि मग मी तो दुसरा कप मागितला.

मंगळवारी ओरझानच्या संसदेत मंत्री उभे राहिले. आपल्याकडे शास्त्रीय पुरावा आहे, म्हणाले, की तुमान भरलेलं आहे आणि कार्तुश आपल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना जाणूनबुजून गारठवत आहे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तिसरं युनिट सुरू झालं नाही तर आमचं सैन्य धरणाच्या ‘संरक्षणासाठी’ खिंड ओलांडेल. बातमी मी कोशबेलच्या केंद्रात पाहिली. मी दिलाराला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

“माझी आई ओव्हरकोट घालून झोपते, ऋजुता,” ती म्हणाली. “तू सांगितलंस ते पोटात ठेवून मी कामावर जायला हवं होतं का? तुझ्या आईची गोष्ट असती तर तू ठेवलं असतंस?”

अट तिनं नाही, मी मोडली होती. मी फोन ठेवून दिला आणि त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो.

कार्तुशचं पाणी जोखलं गेलं होतं. पकडलं गेल्यावर माणूस जसा छाती काढून उभा राहतो तसे त्यांचे अध्यक्ष उभे राहिले. शुक्रवारी बाराच्या ठोक्याला तिसरं युनिट पूर्ण ताकदीनं सुरू होईल, सगळ्या जगानं पाहावं, असं त्यांनी सांगून टाकलं. तुमान त्यांच्या नोटेवर छापलेलं आहे, शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. त्याच्या यंत्रघरात समारंभ ठरला. कामगारांची कुटुंबं येणार, बँड येणार, कॅमेरे येणार. मुरात उस्ताद मला म्हणाले की त्यांची बायकोही येणार आहे, निळा रुमाल बांधून, आणि सूनबाईही हट्टानं येते म्हणतेय. हे सांगताना त्यांचा आवाज मात्र सणाचा नव्हता.

भरलेलं धरण आणि बंद ठेवलेलं यंत्र. लोक खोटं बोलतात तेव्हा काहीतरी झाकायला बोलतात, आणि पाणी हे झाकण्यासारखं नव्हतंच. हा साधा विचार माझ्या डोक्यात रविवारी यायला हवा होता. तो गुरुवारी सकाळी आला, जेव्हा उस्तादांनी तिसरं युनिट फक्त वीस मेगावॅटवर बारा मिनिटं चालवून बघायला कोड मागितला. मी कोड दिला आणि नाडीकडे डोळे लावून बसले. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाण्याचा पीळ दिसत होता, पण प्रत्येक ढुसणीच्या मागोमाग एक आडवातिडवा धक्का, कधी एक, कधी तीन.

मी ते सगळं घरी पाठवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडेही सकाळच होती, आईच्या कढईचा आवाज येत होता. अण्णांनी कवळी काढून ठेवली होती ती परत घातली, लाटणं चकतीवर ठेवलं, दातांत धरलं आणि डोळे मिटले. बारा मिनिटं ते हलले नाहीत. मग लाटणं काढून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादा पूल मोडताना बघत उभी आहे आणि मला कळत नाहीये.

“ह्यो बेरिंगचा आवाज न्हाय बाळा,” ते म्हणाले. “बेरिंग कुरकुरतं. ह्ये थाडथाड उडतंय. टर्बाइनच्या वरचं झाकन हाय ह्ये, त्याचं बोल्ट तुटल्यात. म्या एकदा ऐकलंय. तवा मशीन थांबवून खाली बगितलं, तर निम्मं बोल्ट हातानं फिरत हुतं.”

मी पाटीवर लिहून दाखवलं: उद्या तीनशे मेगावॅट टाकणार आहेत.

“टाकू नगा म्हनावं. झाकन उडालं की धरनाचं पानी थेट वर येतंय. आतल्या मानसाला जिन्यापत्तूर जायाला बी सवड मिळत न्हाय.”

आता सगळं उलगडलं. कार्तुशचं यंत्र आजारी होतं आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे ते झाकण आणि ते बोल्ट ज्या कारखान्यात बनतात तो कारखाना वाटणीत ओरझानला गेला होता. शत्रूच्या दारात जाऊन बोल्ट मागण्यापेक्षा पाणी आटलं म्हणणं त्यांना सोपं वाटलं. ते खोटं मी उघडं पाडलं, आणि आता दुसरं सत्य सांगायला त्यांच्याकडे तोंड उरलं नव्हतं.

मी लाइनवर गेले. दोन्ही देश ती लाइन ध्वनिमुद्रित करत, त्यामुळे जपून विचारलं, “तिसऱ्याची तब्येत कशी आहे, उस्ताद?”

ते म्हणाले, “तिसऱ्याची तब्येत कशी आहे, उस्ताद.” प्रश्न त्यांनी परत सांगितला. उत्तर दिलं नाही. मला ते पुरलं.

आमचे संचालक बारोस ब्राझीलचे, मनानं सज्जन आणि स्वभावानं घाबरट. मी त्यांना नाडीचे आलेख दाखवले, अण्णांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. संयुक्त आयोगाला मी पुरावा म्हणून काय कळवू, त्यांनी विचारलं, एक बेकायदा यंत्र आणि एक लाटणं? त्यांचं पुढचं म्हणणं जास्त अवघड होतं. मी कोड नाकारला तर कार्तुश म्हणेल की तटस्थ केंद्र ओरझानला सामील आहे, ओरझान म्हणेल की कार्तुशनं पुन्हा फसवलं, आणि एक वाजता सैन्य खिंडीत शिरेल. मी कोड दिला तर यंत्रघर बुडेल. तोंड उघडून कारण सांगितलं, तर करार मोडला म्हणून मी त्याच दिवशी विमानात. त्यांनी मला स्पष्ट बजावलं की शुक्रवारी फक्त सूचना आणि कोड, बाकी अवाक्षर नको. ते खोटं बोलत नव्हते. तिन्ही वाटा मलाही तशाच दिसत होत्या.

शुक्रवारी साडेअकराला आमच्या मोठ्या पडद्यावर तुमानचं यंत्रघर थेट दिसत होतं. लांबच लांब हॉल, जमिनीत बसवलेल्या तीन गोल चबुतऱ्यांसारखी तीन युनिटं, आणि तिसऱ्याच्या भोवती खुर्च्या मांडलेल्या. बरोब्बर त्याच्याच भोवती. लाल कोटातले बँडवाले, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया, फुलांच्या कमानी. निळे रुमाल इतके होते की त्यातला उस्तादांच्या घरचा कोणता ते कळेना. निवेदक मोठ्या कौतुकानं सांगत होता की ऐतिहासिक परवानगीचं संभाषण हॉलमधल्या कर्ण्यांवरून सगळ्यांना ऐकवण्यात येईल.

ते वाक्य कानावर पडलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. एकदम काय करायचं ते मला दिसलं. कुस्तीच्या फडात उतरताना पैलवानाला येत असेल तसली काहीतरी झिंग आली होती.

पावणेबारापासून दिलारानं ठरल्या कार्यक्रमाप्रमाणे सामेरचे थंड पडलेले विभाग एकेक करून जोडायला सुरुवात केली. बाराला घरं गरम झालेली दिसायला हवी होती, तिकडेही कॅमेरे होते. वीज तीच आणि मागणी वाढलेली, त्यामुळे ताल मंदावू लागला. भिंतीवरचा आकडा पन्नासवरून उतरत ४९.७ झाला, मग ४९.६. तो ४९.२ ला गेला की दोन देशांना जोडणारी लाइन आपोआप तुटते, आणि मग दोन्हीकडे अंधार, दवाखान्यांसकट.

अकरा बावन्नला उस्तादांचा आवाज आला, इकडे फोनवर आणि तिकडे कर्ण्यांतून. “तुमान ते कोशबेल. युनिट तीन भाराशिवाय फिरते आहे. ते जाळ्यात घेऊन भार तीनशे मेगावॅटपर्यंत नेण्याची परवानगी मागतो. परत सांगा.”

मी परत सांगितलं नाही. मी बारोसांकडे पाहिलं. त्यांचा हात लाइन तोडायच्या बटणाशी होता. मग मी फोन तोंडाशी घेतला.

“कोशबेल ते तुमान. युनिट तीनच्या झाकणाचे बोल्ट तुटले आहेत. भार दिला तर झाकण उडेल आणि यंत्रघरात पाणी शिरेल. युनिट तीन बंद करा. हॉल ताबडतोब रिकामा करा. संदेश क्रमांक एकेचाळीस सतरा. परत सांगा.”

बँड थांबला. पडद्यावर लोक इकडेतिकडे बघत होते. एका परक्या बाईनं कर्ण्यातून काहीतरी म्हटलं होतं, त्यावर विश्वास ठेवावा का ते त्यांना कळत नव्हतं. पहिल्या रांगेतला एक अधिकारी उठून जोरजोरात हात हलवत होता, बसा, बसा. ताल ४९.४५. बारोसांनी बटणावरचा हात काढला, चष्मा काढला आणि पुसत बसले.

उस्तादांना या विषयावर बोलायची बंदी होती. पण आलेला संदेश परत सांगायची बंदी कार्तुशच्या कुठल्याही अधिकाऱ्यानं घातली नव्हती. तीस वर्षांत त्यांनी एकही संदेश परत सांगितल्याशिवाय सोडला नव्हता, आणि ते कार्तुशमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं, कारण त्यांच्या घशातून पहिला शब्द निघाला तसा सगळा हॉल गप्प झाला.

“कोशबेल ते तुमान,” ते म्हणाले. “युनिट तीनच्या झाकणाचे... बोल्ट तुटले आहेत.” पुढचं त्यांनी सावकाश, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखं म्हटलं. “भार दिला तर झाकण उडेल आणि यंत्रघरात पाणी शिरेल. युनिट तीन बंद करा. हॉल ताबडतोब रिकामा करा. संदेश क्रमांक एकेचाळीस सतरा. परत सांगितला.”

आता ते त्यांचा माणूस बोलला होता. खुर्च्या उलथल्या. बाया पोरांना बगलेत मारून जिन्याकडे धावल्या. बँडवाल्यांतला एक जण ढोल टाकून पळाला, परत आला आणि एका म्हातारीला पाठीवर घेऊन गेला. मी कोड दिला, उस्तादांनी युनिट बंद केल्याचं कळवलं, आणि मग मी भिंतीकडे पाहिलं. ४९.३१.

तीनशे मेगावॅट आता येणार नव्हते. लाइन तुटायला मिनिटभर उरलं होतं. ती वाचवू शकेल असा एकच माणूस त्या लाइनवर होता, आणि मंगळवारपासून मी तिच्याशी धड बोललेही नव्हते. तिच्या मागे तिचे साहेब उभे असणार, त्यांच्या मागे मंत्र्यांची माणसं. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

“सामेर ते कोशबेल. तीनशे मेगावॅट मागणी कमी करते आहे. पहिला विभाग, उत्तर सामेर. परत सांग.”

उत्तर सामेर म्हणजे तिची आई, ते स्वयंपाकघर, ते सॉकेट. मी परत सांगितलं. मला रडू येत होतं तरी शब्द एकही चुकला नाही. ४९.२४ वर आकडा थबकला, तिथंच दोन-तीनदा लटपटला आणि वर चढायला लागला. बारोसांनी चष्मा घातला तेव्हा तो पन्नासच्या जवळ आला होता.

मला रविवारी विमानात बसवलं. करार मोडल्याबद्दल बारोसांनी माझ्यावर कडक अहवाल लिहिला आणि विमानतळावर सोडायला स्वतः आले.

दोन्ही राजधान्यांत त्यानंतर जे झालं ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. तिसरं युनिट उघडल्यावर ऐंशी बोल्टांपैकी त्रेपन्न तडकलेले निघाले, सहांना तर नटच नव्हते. कार्तुशचे वीजमंत्री त्याच संध्याकाळी गेले, सरकार महिन्याभरात. पण ओरझानमध्ये जे झालं त्याचा अंदाज कोणालाच नव्हता. सामेरच्या लोकांनीही ते थेट पाहिलं होतं. शेजारी खोटारडे आहेत म्हणून चिडलेली माणसं त्या बायकांना पोरं घेऊन पळताना बघून वेगळंच विचारायला लागली: बोल्ट आपल्याकडे बनतात तर पाठवत का नाही? ओतकाम कारखान्यातल्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी भट्टी पेटवली. धरण ताब्यात घ्यायला निघालेल्या पलटणीनंच शेवटी ते बोल्ट ट्रकवर लादून खिंड ओलांडली. मंत्र्यांनी सैन्याला निरोप दिला ते छायाचित्र जुनंच वापरलं म्हणतात, फक्त खालचा मजकूर बदलला.

नव्या करारात एक कलम वाढलं: प्रत्येक वीजघराची नाडी दोन्ही देशांना उघडी राहील. आता ती आणखी नऊ सरहद्दींवर बसली आहे. चार देशांनी तिच्यावर बंदीही घातली, कारण कोणाच्याही घरातल्या सॉकेटमधून सरकारी थाप पकडता येते हे त्यांना रुचलं नाही. दिलाराचं पत्र मार्चमध्ये आलं. आईनं ओव्हरकोट काढलाय, एवढंच होतं आणि खाली चहाचं निमंत्रण. मी उत्तर लिहिलं की येते, पण या वेळी खिशात काही आणणार नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी गावच्या घरी माझा फोन वाजला. पलीकडे मुरात उस्ताद. नात झाल्याचं सांगितलं. मग घसा खाकरला आणि म्हणाले की तिसरं युनिट वीस मेगावॅटवर फिरतंय, कोशबेलनं रीतसर परवानगी दिली आहे, सगळं ठीक आहे. तरी भार चढवण्याआधी ज्या बुजुर्गांनी रोग ओळखला त्यांनी एकदा नाडी बघावी, अशी त्यांची इच्छा होती.

मी फोन ओट्यावर ठेवला आणि उस्तादांनी जोडून दिलेल्या तुमानच्या नाडीला चकती लावली. अण्णांनी लाटणं दातांत धरलं. आई पोळी तव्यावर सोडून बघत उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग अण्णांनी लाटणं काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि फोनकडे बघत मोठ्यानं म्हणाले, “चालवा म्हनावं.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण उस्ताद थांबले नव्हते. बाराशे कोसांवरून, अडखळत, एकेक अक्षर जपून, त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला.

“चालवा म्हनावं.”

अण्णांना ते ऐकू आलं नाही. मी पाटीवर लिहून दाखवलं की परत सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मी जुन्या सवयीनं कोड दिला.